गुरुपादचं पहिलं आधण

कागलच्या अलीकडं बाळासोंचं गुऱ्हाळ हाय. तिथल्या चुलवाणाच्या खड्ड्यात बसूनच गुरुपादचं केस पिकलं. मिसरूड फुटायच्या आधी तो चुलव्या म्हणून लागला. वाळकी चिपाडं जाळात ढकलायची, एवढंच काम. वर काहिलीत रस उकळायचा, पण रस बघायचा मान गुळव्याचा, म्हणजे गणपतरावांचा. म्हाताऱ्यानं जागा सोडली न्हाय आणि गुरुपादला कधी वर बोलावलं न्हाय. बरोबरीची पोरं एमआयडीसीत लागली, सुपरवायझर झाली, स्लॅबची घरं बांधून पोरींची लग्नं उरकून मोकळी झाली. गुरुपादच्या भुवया तेवढ्या दर हंगामाला जळायच्या आणि पावसाळ्यात परत उगवायच्या.

यंदा गणपतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. बाळासो म्हणाले, "गुरुपाद, आज तू वर उभा ऱ्हा. ह्या एका काहिलीचं आधण साधलं तर हंगाम तुझा. बिघडलं तर उद्या भायेरनं गुळव्या आणतो. मग तू हाईस आणि तुझा खड्डा हाय."

खाली जाळाला त्याची बायको नीलम्मा बसली. वर बघून म्हणाली, "अवो, पाय लटपटाय लागल्यात तुमचं. काहिलीत पडू नगा. गूळ खारट हुईल."

गडी हसले. गुरुपादनं काहिलीवरनं नजर हलवली न्हाय. रसावरची मळी काढून झाली, रस पिवळा होऊन फुगायला लागला. लवकर उतरवला तर ढेप बसत न्हाय, पाघळती. उशीर झाला तर करपून काळा. मधला वेळ पान थुंकण्याइतका. त्यानं काठीनं जरा पाक घेतला, गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळून काहिलीच्या काठावर मारली. टणकन वाजायला पाहिजे होती, पण गोळी मऊ, तिथंच चिकटली.

"झालंय की लगा! उतरव!" बाळासो वरडले. गड्यांनी वासे खांद्याला लावले.

बाजेवर बसलेल्या गणपतरावांकडं गुरुपादनं बघितलं. "आण्णा, काय करू?"

"मला काय दिसतंय? तुझं तू बघ."

काठाला धूर दिसल्यागत झालं. करपलं! 'उचला' हा शब्द पार दातापर्यंत आला. आणि तिथंच तो थांबला. घाई रसाला न्हवतीच. घाई त्याला झाली होती, पंचेचाळिशीपर्यंत राहिलेलं सगळं या एका काहिलीत उरकून टाकायची. रसाला गुरुपादचं वय काय ठावं?

"न्हाय," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला. "अजून एक गोळी."

"करपलं तर तुझ्या बापाला भरून मागू व्हय रं?" बाळासो खवळले.

गुरुपादनं गोळी वळली आणि मारली. टण्!

"उचला!"

पाक गार करायच्या वाफ्यात पडला, घोटला, कापड घातलेल्या बादल्यांत भरला. आता गार होईस्तोवर हात लावायचा न्हाय. बाळासोंनी बोट पुढं केलंच.

"मालक, बाळंतिणीच्या खोलीत डोकावल्यागत काय करताय?" नीलम्मा म्हणाली. बोट मागं गेलं.

गुरुपाद गणपतरावांच्या बाजेच्या पायाला टेकून बसला. "आण्णा, लई भ्या वाटतंय. लई उशिरा आलो मी वर. पोरवयातच आलो असतो तर भ्या मेलं असतं."

"कुणी सांगितलं? माझ्या पहिल्या आधणाला मी धोतरात मुतलोतो. आणि औंदा शेवटच्या आधणालाबी पोटात गोळा उठलावता. मधी एक दीस चुकला न्हाय."

गुरुपाद बघतच राहिला. वर उभं राहिलं की भ्या संपतं, असं तो जन्मभर खड्ड्यात बसून समजत आला होता.

दुपार कलल्यावर बाळासोंनी पहिली बादली उपडी केली. कापड सोडवलं. ढेप पिवळीधमक, उभी. एका कडेला जरा मऊ होती. बाळासोंनी तिथं अंगठा दाबला, चाखून बघितलं, परत दाबला.

"कड जरा लोळतीया," ते म्हणाले. "चालतंय. दुसरा रस चढवा."

गुरुपाद उठला. पाय तसंच लटपटत होतं. तो काहिलीकडं चालाय लागला.