नळ्या धुण्याचा वास
केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्यांत साचलेला क्षार धुवायला ॲसिड सोडलं की घशाला झोंबणारा वास येतो आणि मला वडिलांचा पाय आठवतो. नव्वदच्या सुमारास चोपड्याकडं ठिबक नुकतंच आलं होतं. जरा चाललं की वडिलांची पोटरी आवळायची. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "आबा, रक्तवाहिनीत नुसता गाळ नाही साचलेला. तिच्या भिंतीत पेशींना धरून ठेवणारं धाग्यांचं जाळंच जाड आणि कडक झालंय. बिडी सोडा, ऑपरेशन करून घ्या." घरी आल्यावर थोरले काका ओट्यावर बसून म्हणाले, "ठिबकन्या नळ्या आपण ॲसिडनी धोतस ना? तसाच लिंबू-लसूणना काढा ले. बठ्ठी घाण निंघी जाई." सगळी घाण अशी निघून जाईल हे वडिलांना पटलं, कारण नळी त्यांना रोज दिसायची. उन्हाळाभर ते काढा पीत राहिले आणि बिडीही ओढत राहिले. पोळ्यापर्यंत अंगठा काळा पडला आणि पाय गुडघ्याखालून कापावा लागला. काका दवाखान्यात केळी घेऊन आले आणि म्हणाले, "काढा उशिरा सुरू जया." आज सकाळी नळ्या धुताना उन्हानं कडक झालेली एक नळी माझ्या हातात तडकली. मी ती उभी चिरून पाहिली. आतून ती अगदी स्वच्छ होती.