सेवेतले दोन खंड

उंबरजेबाई आपल्या मुलांची ओळख नावाने करून देत नसत. थोरल्या महेशच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "हा माझ्या सेवेतला पहिला खंड." मग धाकट्या गिरीशकडे बोट दाखवायच्या, "आणि हा दुसरा." महेशसाठी मुलगी पाहायला गेले तेव्हाही हेच झालं. मुलीच्या वडिलांना वाटलं, बाई लेखिका आहेत. त्यांनी आदराने विचारलं, "दुसरा खंड कधी प्रकाशित झाला?" बाई म्हणाल्या, "पहिल्यानंतर चार वर्षांनी. पण दोन्ही शासनमान्य न्हाईत."

खरं काय ते आमच्या गल्लीला ठाऊक होतं. बाई आणि उंबरजेसर एकाच शाळेत, एकाच जूनमध्ये नोकरीला लागले. बाई गणिताच्या, सर कवायतीचे. महेश झाला तेव्हा सासूबाई अंथरुणावर होत्या. बाळाला बघायला कुणी नाही म्हणून बाईंनी राजीनामा दिला. पुढे संस्थेने त्यांना पुन्हा घेतलं, पण नव्याने. गिरीशच्या वेळी परत तेच. सरांची शिट्टी मात्र एक दिवस न चुकता मैदानावर वाजत राहिली. दोघं निवृत्त झाले तेव्हा सरांची सगळी नोकरी मोजली गेली आणि बाईंची फक्त शेवटची. बाईंच्या पासबुकात जी पेन्शन पडली ती सरांच्या पेन्शनीशेजारी ठेवली, तर तिची धाकटी बहीणसुद्धा वाटली नसती.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाक पेन्शनीप्रमाणे सुरू केला. पहिल्या दिवशी सरांच्या ताटात वरण आलं, पण फोडणी नव्हती. सरांनी विचारलं, तर म्हणाल्या, "फोडणी बसत न्हाई हो माझ्या पेन्शनीत." दुसऱ्या दिवशी भाकरी आली, शेंगाची चटणी नाही. सोलापुरात भाकरीशेजारी शेंगाची चटणी नाही म्हणजे घरात काहीतरी गंभीर घडलंय. तिसऱ्या दिवशी सरांनी सवयीप्रमाणे चहासाठी शिट्टी वाजवली. बाईंनी आतून "विश्राम!" म्हणून आवाज दिला आणि चहा केलाच नाही.

सर तसे सरळ माणूस, पण कडक. ओरडले, "अगं, पेन्शन माझ्या नोकरीची आहे!"

"नोकरी तुमची, कबूल," बाई म्हणाल्या. "आणि पोरं काय एकट्या माझी होती व्हय?"

संध्याकाळी आम्हाला फोडणीचा वास आला आणि समजलं, तह झाला. दोघांच्या पेन्शनी एकत्र करायच्या आणि अर्ध्या अर्ध्या वाटून घ्यायच्या. मुलांनाही सूट मिळाली नाही. दर महिन्याला दोघांनी आईच्या खात्यात रक्कम टाकायची. तिला बाई 'खंडणी' म्हणत. "खंड पाडला त्यानं द्यायची ती खंडणी. ह्यात कुणाची दादागिरी न्हाई, व्याकरण हाय."

निवृत्तांच्या सभेत पाहुणे बोलायला आले की बाई हात वर करायच्याच. "पोरं सांभाळलेली वर्षं नोकरीत का धरत न्हाईत? मी काय त्या वेळी माथेरानला गेले होते?" पाहुणे म्हणायचे, "सूचना चांगली आहे." बाई म्हणायच्या, "सूचना न्हाई ती, धोरण हाय. आमच्या घरात लागू झालंय. तुमी फक्त राज्यात करा."

एकदा नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी दोघांना बँकेत घेऊन गेले. सरांनी मशीनवर अंगठा ठेवला आणि ते लगेच हयात निघाले. बाईंचा अंगठा मशीन घेईना. पुसून झाला, बदलून झाला, फुंकर मारून झाली.

"आजी, जुळंना बघा," तिथला मुलगा म्हणाला.

"म्हणजे मी मेले का?"

"तसं न्हाय हो. रेषा झिजल्यात."

बाई सरांकडे वळल्या. "बघा. भांडी घासून घासून मी कागदावरनं बी पुसले गेले. तुमचा अंगठा कसा, नव्या पाट्यासारखा!"

शेवटी डोळे तपासायचं मशीन आणलं. ते म्हणालं, बाई जिवंत आहेत. "असणारच," बाई म्हणाल्या. "सगळ्यांवर डोळा ठेवूनच तर जगले." दुसऱ्या दिवसापासून सर मोरीत भांडी घासायला बसू लागले. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आवाज करू नका, सर अंगठा झिजवालेत."

मी बाईंची विद्यार्थिनी. पुढे त्यांच्याच शाळेत गणित शिकवायला लागले. मुलगी झाली आणि माझ्याही घरात तोच पेच आला. बाळाला कोण बघणार? माझी रजा संपत आलेली, पाळणाघराचा शोध लागेना. मी राजीनामा लिहायला घेतला. बाळ पाहायला म्हणून बाई आल्या होत्या. टेबलावरचा कागद पाहून त्यांचा चेहरा असा उतरला, की मला त्यांच्याकडे बघवेना. इतक्या वर्षांत मी त्यांना गंभीर कधी पाहिलंच नव्हतं.

"काय लिहालीस?" त्या हळूच म्हणाल्या. "राजीनामा देऊ नको गं. रजा घे. रजेवरनं परत येता येतं. मी आले ना, तर माझी खुर्ची बी नवी आणि मी बी नवी."

मग त्या माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "विनायक, तू किती दिवस घरी ऱ्हातोस?"

"बाई, आमच्या ऑफिसात पुरुषांनी अशी रजा मागायची पद्धत नाही. लोक हसतील."

"हसू देत की. तुझं लग्न झालं तेव्हा घोड्यावर बसून नाचत आलास, तेव्हा न्हाई हसले?"

विनायकने रजा मागितली. लोक हसले. रजा मात्र मिळाली. थोडे दिवस तो घरी, थोडे महिने मी बिनपगारी. माझ्या त्या महिन्यांचं पेन्शनच्या खात्यातलं भरणं त्याने स्वतःहून केलं. मला वाटतं, तो बाईंना भ्याला होता. तोवर पाळणाघर मिळालं आणि मी कामावर रुजू झाले.

गेल्या वर्षी बाई गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. निरोप आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात, कुणाला जमत नव्हते म्हणून, अपूर्णांक पुन्हा शिकवत होते. बाईंमुळेच त्या वर्गात होते, हे एकदम लक्षात आलं आणि फळ्याकडे तोंड करून मी उभीच राहिले. पदर डोळ्यांना लावलेला मुलींनी पाहिला. आणि मग पहिल्या बाकावरची एक चिमुरडी घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली,

"बाई, रडू नका की. आमाला जमायलंय आता."