पेटीचा दोर आणि जहाजातली रेल

२००६ साल होतं आणि मी सदुसष्ट वर्षांचा. आसगावच्या घरासमोर जीप उभी होती, सारा मोहल्ला जमला होता आणि मी पेटीला सुंभाचा दोर आवळत होतो. गाठ मारली आणि सर्वांदेखत सांगितलं, "हे गाठ आता आसगावातच सुटंल."

बायको बाजूलाच होती. एकुलता एक मुलगा विनोद इटलीच्या सिसिली बेटावर एका हॉटेलात स्वयंपाकी, त्याला मुलगी झालेली, नातीजवळ राहायचं हिनं मनात केव्हाच ठरवलं होतं. मला बेटावर राहायचं नव्हतं. चारी बाजूंनी पाणी, निघायचं म्हटलं तर वाट कुठून? माझे बाबा म्हणत, "रुळाजवळ राहाव. तो घरी आनून सोडते." मी चौथीपर्यंतच शिकलो, पण बाबांचं ऐकण्यात कमी पडलो नाही.

रोमला विमानातून उतरलो. विनोद घ्यायला आला होता. सकाळची रेल धरली, ती दुपारी समुद्राशी येऊन थांबली. मी पेटीला हात घातला. विनोद म्हणाला, "बसून राहा बाबा, रेलच जहाजात जाते." वाटलं, बुढ्याची मस्करी करून राहिला.

तर ऐका आसगाववाल्यांनो. जहाजाचं तोंड मगरीसारखं वर उघडलं. आत रूळ! किनाऱ्यावरचे रूळ आणि आतले रूळ नेमके भिडले आणि इंजिनानं मागून ढकलत डबे हळूहळू आत घातले. रेल लांब, जहाज आखूड, म्हणून तिचे तुकडे करून एकाशेजारी एक उभे केले, गोठ्यात बैल बांधतात तसे. माणसांनी ते साखळ्यांनी आवळले. इंजिन किनाऱ्यावरच राहिलं. आपला जिल्हा तोडून दोन केले तेव्हा हिचं माहेर गोंदियात गेलं ते गेलंच. इथं मात्र पलीकडे पोचल्यावर तुकडे परत जोडतात, असं विनोद म्हणाला.

साखळ्या आवळून झाल्या तसा मी उठलो. वैनगंगेवर नावेत बैलबंडी चढली की बैल सोडायचे आणि माणसानंही बंडीतून उतरायचं, हा आमचा कायदा. विनोद म्हणे, इथं बसून राहिलं तरी चालते. म्हटलं, तुझ्या देशात चालत असंल. बायको काही हलली नाही. "तुमीच जा. लवकर या जी," म्हणाली. हॉटेलची पाळी करून आलेला विनोद बसल्या बसल्या झोपला.

वर निळं पाणी, वारा आणि एक छोटं कँटीन. काचेत मुठीएवढे तळलेले भाताचे गोळे. धान पिकवण्यात जन्म गेला माझा, पण असा भात कधी पाहिला नव्हता. दोन घेतले. एक उभ्यानंच खाल्ला, दुसरा हिच्यासाठी ठेवला. किनारा जवळ आला तसा खाली उतरलो.

आणि तिथंच चुकलो. आपला डबा इंजिनापासून चौथा, एवढंच मी पाठ केलं होतं. आता इंजिनच नाही. डब्यांच्या रांगा, सगळे सारखे, आणि साखळ्या सोडण्याचा खणखणाट सुरू. विचारू कोणाला, आणि कोणत्या भाषेत? हातात भाताचा गोळा घेऊन मी इकडून तिकडे धावत होतो.

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नातला उखाणा सोडला, तर साऱ्या संसारात हिनं मला "विनोदचे बाबा" म्हटलं, नाहीतर नुसतं "अवो". त्या लोखंडी गुहेत एकदम आवाज घुमला, "नामदेव! ओ नामदेव, इकडं!" पलीकडच्या रांगेत ती खिडकीतून अर्धी बाहेर आली होती.

धापा टाकत चढलो. म्हटलं, "नाव घेतलंस?"

"मंग का जहाजात उखाना घेत बसू?"

विनोद जागा होऊन पोट धरून हसत होता. मी गोळा पुढे केला. तिनं अर्धा मोडून मलाच परत दिला. बाहेर दुसऱ्या इंजिनानं आमचे तुकडे ओढले, जोडले, आणि रेल बेटावरून पळू लागली.

तुम्ही फोनवर विचारता, घराची आठवण येते का. येते. तिकडे धान निसवला, लोंब्या आल्या की इथं बसून वास येतो मला. पण घर म्हणजे परतीची वाट, एवढंच मी धरून बसलो होतो. आता म्हणतो, हरवलो तर नाव घेऊन हाक मारणारं माणूस जिथं, तिथं आपलं घर. आणि रूळ तर पाण्यावरही आहेत, बाबा चुकले नाहीत.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विनोदची सुरी मागून घेतली. माझा शब्द मी मोडत नाही. गाठ सोडली नाही, तिच्या बाजूनं दोर कापला. गाठ अजून तशीच बांधलेली आहे, येईन तेव्हा आसगावातच सोडीन. पेटी उघडली आणि जन्मात पहिल्यांदा नावानं हाक मारली, "अनसूया, तुझे लुगडे कुठी ठेवू?"