तलवारीसाठी नेलेली क्रिकेटची बॅग

बुर्ज, मॉल आणि वाळवंट राहू द्या. मी शारजाला गेले ती तलवार आणायला. माझी भाची इरा लहानपणापासून दुबईत जपानी तलवारबाजी शिकते. तिच्या शिक्षिका, ज्यांना सगळे सेन्सेई म्हणतात, क्लास बंद करून कायमच्या जपानला निघाल्या होत्या. जाताना आपली खरी तलवार त्यांनी इराला देऊ केली. इरा जूनमध्ये कॉलेजला पुण्यात माझ्याकडेच येणार. मग काय, मी फोनवर जाहीर केलं, "नवरात्रात येतेच आहे, येताना चेक-इन बॅगेत घालून आणते." आजवर मी बॅगेतून पाटा-वरवंटासुद्धा नेलाय. तलवारीचं काय मोठंसं! शेजाऱ्यांची क्रिकेटची लांब किट बॅग मागून घेतली आणि निघाले.

दुबई विमानतळावर संजू, माझा धाकटा भाऊ, इराचा बाबा, घ्यायला आला होता. (टॅक्सीनं जाणार असाल तर शारजासाठी वेगळे वीस दिरहम लागतात. आणि संध्याकाळी त्या रस्त्याला लागूच नका.) शारजात अल मजाजला त्यांच्या बाल्कनीतून खाडीचं पाणी दिसतं. ऑक्टोबरातही काचेला हात लावला तर चटका बसतो. इरानं माझ्याआधी बॅगेला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी आम्ही शारजाच्या औद्योगिक भागात बशीरभाईंकडे गेलो. ते मूळचे दापोलीकडचे, कार्गोचा धंदा. दोन दिरहमचा, म्हणजे जवळपास पन्नास रुपयांचा, कडक चहा त्यांनी पाजला आणि माझ्या बेतावर पाणी ओतलं.

"ताई, इथलं परमिशन त्या मॅडमच्या नावावर आणि क्लासच्या ॲड्रेसवर आहे. दुसऱ्याला देणं, बाहेर काढणं, सगळ्याला वेगळं अप्रूव्हल. आणि इंडियात नऊ इंचाच्या वरचं पातं म्हणजे आर्म्स ॲक्ट. इम्पोर्ट लायसन्सशिवाय कस्टम्स सोडणारच नाही."

"आणि जपानला परत नेली तर?"

"ते मॅडमना जमेल. रीतसर पेपर्स करून."

मी माझा हेका सोडेना. "बरं, निदान खंडेनवमीला एक तास घरी आणू. पूजा झाली की परत."

"गाडीत सापडली तर खलास! संजूभाईंचा व्हिसा, नोकरी, सगळं. यल्ला, चला, विषय सोडा."

परतताना इरा खिडकीकडे तोंड करून रडली. "शी प्रॉमिस्ड मी, आत्या." सगळ्यात मोठ्या तोंडानं वचन तर मीच दिलं होतं.

खंडेनवमीला संजूच्या घरी पाट मांडला. त्याचा लॅपटॉप, पाने-पक्कड, वहिनीचा मिक्सर, गाडीच्या किल्ल्या. इरानं मधली लांबलचक जागा मोकळी सोडली होती. ती बघून मला राहवेना. तलवार इकडे येत नाही ना, मग पूजेचं ताट तिकडे नेऊ! सेन्सेईंना फोन केला. त्या आनंदानं "या" म्हणाल्या. बर दुबईच्या गल्लीतून झेंडू घेतला आणि अल क्वोज गाठलं.

गॅरेज आणि गोदामांच्या रांगेत एका पत्र्याच्या शेडमध्ये हा क्लास. आत चटया, एसीची घरघर आणि गुडघे दुमडून बसलेल्या सेन्सेई. त्यांनी म्यान सरकवलं. त्या मला इंग्रजीत सांगू लागल्या: जपानात नोंदणी माणसाची नसते, तलवारीची असते. मालक बदलतो, कागद तलवारीबरोबर राहतो. आपली तलवार घेऊनसुद्धा उगाच हिंडता येत नाही. कारण लागतं आणि ती बांधून न्यावी लागते. मला ते पटलं. आम्ही वर्षातून एकदा हत्यारापुढे वाकतो, ते तर रोज वाकतात.

मी सवयीनं ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि पात्याकडे नेलं. इरानं माझं मनगट गच्च पकडलं.

"आत्या, नो! पाणी लागलं तर गंजेल. बोटसुद्धा नाही लावायचं."

मी हबकले. घाबरून आधी सेन्सेईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या, रागावल्याही नव्हत्या. त्यांनी कापड आणि तेलाची बाटली इराच्या पुढे सरकवली. तलवार जपानला निघण्याआधीचं शेवटचं पुसणं इरानं केलं, सावकाश. ते झाल्यावर मी ते ओलं कुंकू तिच्या उजव्या हाताला लावलं. सेन्सेईंनी न विचारता आपलाही हात पुढे केला, तेव्हा मला रडू फुटलं.

तुम्हीही परदेशातून असं काही आणायच्या विचारात असाल, तर आधी दोन्हीकडचे नियम विचारा, बॅग नंतर भरा. मी उलटं केलं. पुण्यात येऊन किट बॅग शेजाऱ्यांना परत दिली, त्यांनी विचारलंच, "तलवार कुठंय?" म्हटलं, "जपानला गेली, जिची तिच्या घरी."

वाईट वाटलं, अजून वाटतं. इराची ती पकड मनगटावर अजून जाणवते. पुढच्या खंडेनवमीला ती माझ्याकडे असेल. पाटावर सुरी, विळी, तिचा लॅपटॉप, जे असेल ते मांडू. मधली लांबलचक जागा मात्र मी मोकळी सोडणार आहे.