मागच्या रांगेतला चेहरा

आमच्या दुकानात आज एक काका श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आले. बायको परवा गेली. तिचा फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला, मोबाइलवर आलेला. मागच्या रांगेत नखाएवढा चेहरा.

“दहा फुटी फ्लेक्सवर फोटो फुटेल, काका, नुसते ठिपके दिसतील. छोटा ठेवू, निदान स्पष्ट येईल.”

“मोठाच करा, ताई. जन्मभर मागेच उभी राहिली.”

चौकातला फ्लेक्स लोक लांबून बघतात, त्यांना फुटलेलाही चालतो. घरच्या माणसाला जवळून बघायचं असतं. फोटो हवा तेवढा ताणता येतो, पण जे टिपलंच गेलं नाही, ते आता कुठून आणणार?

मी चेहरा स्क्रीनवर मोठा केला. काका चष्मा पुसून पुढे वाकले.

“डोळे उघडे आहेत ना तिचे?”

डोळ्यांच्या जागी दोन करडे चौकोन होते.

“उघडे आहेत,” मी म्हटलं आणि प्रिंट सोडली.