सखूच्या जागेवरचा वाफा

वत्सलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा महाडला पाऊस नुकताच उघडला होता. फोन त्यांच्या भाच्याचा होता. दोन दिवस ताप, मग छातीत कफ, आणि संपलं... एवढंच तो म्हणाला. "भिजल्या होत्या का?" मी विचारलं. "मावशीला वाफ्यावरूनच उचलून आणलं होतं," म्हणाला.

कापडे गावाच्या पलीकडच्या एका वाडीवर आम्ही दोघींनी अकरा वर्षं एकत्र शिकवलं. शाळेमागच्या उतारावर सखूचं घर होतं. ती शाळेत खिचडी शिजवायची. नवरा धोंडू मुंबईला वॉचमन. एका पावसाळ्यात पहाटे दरड आली आणि नेमकं ते एकच घर घेऊन गेली. सखूचा देह तिसऱ्या दिवशी सापडला. पुढे मी महाडला बदली घेतली. बाई मात्र निवृत्त झाल्या तरी वाडी सोडेनात, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी सखूच्या घराच्या जागेवर फुलांचा वाफा करायला घेतला.

तो वाफा कधी धरलाच नाही. दगड वेचून, माती भुसभुशीत करून, शेणखत मिसळून बाई कडेने बांध घालायच्या, आणि एका सरीत बांध फुटून सगळं ओढ्याला जायचं. चर खणला तर चरच बुजायचा. ताडपत्री घातली तर वाऱ्याने उडून करवंदीत अडकायची. उघाडीची वाट बघा म्हटलं की म्हणायच्या, "सखूला अबोली पावसातच हवी होती गो." अबोलीची रोपं पिशव्यांमध्ये पिवळी पडत चाललेली. तीन पावसाळे हेच चाललं होतं.

गेल्या श्रावणात मी भेटायला गेले तेव्हा मलाही त्यांनी घमेलं धरायला लावलं. दुपारचे तीन असतील, पण धुक्याने शाळेचे पत्रेसुद्धा दिसत नव्हते. तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की वाफा सगळीकडे सारखा खचत नव्हता. मधोमध, दाराएवढ्या रुंदीचा एक पट्टा तेवढा खाली जात होता. आम्ही सहा घमेली माती टाकली. ती आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू बसली, कुणी आतून ओढून घ्यावी तशी... आणि खालून आवाज आला. भरलेला हंडा जमिनीवर टेकवल्यासारखा. मी घमेलं सोडून मागे सरले. बाई कुदळीला टेकून शांतपणे म्हणाल्या, "हो गो, थांब जरा. करतेय." त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

खाली पोकळी असेल, पाणी फिरत असेल, हे मी त्यांना समजावत बसले. त्यांनी ऐकून घेतलं. मग चिखलाचे हात पदराला पुसत म्हणाल्या, "आदल्या संध्याकाळी ती आली होती माझ्याकडे. म्हणाली, बाय, वरनं माती येतेय, आजच्या दिस तुमच्याकडं ऱ्हाऊ काय? मी पेपर तपासत होते. म्हटलं, दरवर्षी येते गं माती, सकाळी बघू... जाताना अबोलीचं रोप मागून गेली. तेही मी सकाळवर टाकलं." एवढं बोलून त्यांनी पुन्हा कुदळ उचलली. "धोंडूला सांगितलंत?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मी त्याच्यासमोर उभी राहते, पण माझं तोंड उघडत नाही."

बाईंच्या दहाव्याला गेले तेव्हा धोंडू उतारावर त्या वाफ्यापाशीच उकिडवा बसलेला होता. सखूनंतर तो मुंबई सोडून वाडीवरच राहायला आला होता. आता सांगायला हवं असं वाटून मी चाचरत सुरुवात केली. त्याने मला पुरतं बोलू दिलं नाही.

"मला म्हायती हाय," तो म्हणाला. "सखूनं फोन केलेला त्या सांजेला. बायकडं झोपाया जाते म्हनली. मंग परत केला... बाय नको म्हनल्या, म्हनून."

"आणि तुम्ही बाईंना कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? मीच तिला म्हनलो, नको म्हनल्यात तर गप घरात ऱ्हा." तो मातीकडे बघत राहिला. "रोज बघायचो बायना खनताना. सांगाया जायचो नि परत यायचो."

दोघं एकाच उतारावर, हाकेच्या अंतरावर, तीन पावसाळे...

परतण्याआधी बाईंच्या घरात गेले. भाचा सामान बांधत होता. म्हणाला, पाऊस लागला की मावशी मागच्या दाराला कडी म्हणून घालायची नाही. कुणी आलं तर ताटकळायला नको, म्हणायची. आता तो स्वतः रोज कडी घालतो, वर आतून वाटणाचा जड पाटा लावतो. "पण पाऊस झाला की सकाळी दार उघडंच असतं," तो अगदी हळू म्हणाला, "आणि पाटा नीट उचलून भिंतीशी ठेवलेला." मी बघितलं. उंबऱ्यापासून चुलीपर्यंतची जमीन ओली होती. बाहेर सर आली. भाच्याने सवयीने कडीकडे हात नेला, माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.