बटणमास्तरची चुन्याची टिंबं

बटणमास्तर उजव्या हाताने वाजवायचा आणि डाव्या हाताने आवाज बिघडवायचा. बिघडवायचा हे माझं म्हणणं. तो म्हणायचा, "सरल आवाज मेल्याला असतो. मानूस हाय म्हनजे हलनारच." मुर्धा गावातल्या आमच्या वरातीच्या बेंजो पार्टीत मी ढोलकीवर आणि तो कीबोर्डवर. मी चौथीच्या पुढे गेलो नाही, पण लय मला कोणी शिकवावी लागली नाही, आजही लागत नाही. तेव्हा इथे लिहितोय ते कानाने ऐकलेलं आहे. पटत नसेल त्याने वाचू नये.

कीबोर्ड त्याने काशीमीऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलातून आणला होता. तिथला ऑर्केस्ट्रा बंद पडला होता. बाकीच्या पार्ट्यांकडे तेव्हा तयार आवाजांची यंत्रं आली होती, एक बटण दाबलं की सनई, दुसरं दाबलं की बासरी. याच्या यंत्रात तयार काहीच नव्हतं. नुसती फिरवायची बटणं. आवाज आपणच घडवायचा, आणि यंत्र स्वतः काही लक्षात ठेवणार नाही. बटणं जिथे असतील तो आवाज. एका कोपऱ्यात एलएफओ अशी तीन इंग्रजी अक्षरं आणि त्याला लागून बारीक लाल दिवा. मास्तर सांगायचा, आत एक लाट फिरते, इतकी मंद की ती स्वतः ऐकू येत नाही. ती फक्त दुसऱ्या आवाजाला धरून हलवते. किती वेगाने हलवायचं, किती जोराने आणि किती थांबून, त्याला वेगवेगळी बटणं. लाटेचा जो वेग, त्याच वेगाने तो दिवा लुकलुकायचा.

वरातीत पोरं त्याच्याकडे पोलिसांचा भोंगा मागायची. तीच लाट जोरात लावली की भोंगा होतो. तो द्यायचा, पोरं नाचायची, आणि हा माझ्याकडे बघून तोंड कडू करायचा. पोटासाठी भोंगा आणि जिवासाठी थरथर, असं त्याचं चाललेलं.

त्याची बायको शेवंतीवहिनी आमच्या गावची धवलारीण. आम्हा आगऱ्यांत हळदीपासून लग्न लागेपर्यंत धवले गाणाऱ्या बाईशिवाय पान हलत नाही. तिचा पाट आधी मांडतात, मग बाकीचं. वहिनीचा आवाज आधी सरळ जायचा आणि शेवटाला थरथरायचा. गाताना उजवा तळवा हवेत धरायची, तोही तसाच थरथरायचा. तिच्यामागून म्हणणाऱ्या बायका त्या तळव्याकडे बघून आवाज उचलायच्या.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव राहिला, आवाज गेला. गळ्याला भोक राहिलं, त्यावर ती फडकं बांधायची आणि हातांनी बोलायची. त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर तिच्या भाचीची हळद ठरली होती. भाची लहान असल्यापासून वहिनीने कबूल केलं होतं की तुझे धवले मीच गाणार. घरचे म्हणाले, मान तुमचाच, तुम्ही नुसत्या पाटावर बसा, गायला शेजारच्या राई गावची बाई बोलावू. वहिनीने भिंतीकडे तोंड फिरवलं. गात नाही ती पाटावर बसत नाही, हे सांगायला तिला आवाज लागला नाही. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाला, "तीच गानार. बाकी मी बघतो."

सगळा पावसाळा तो त्या बटणांमागे होता. पार्टीच्या सुपाऱ्या सोडल्या. मला बसवायचा, स्वर लावायचा आणि विचारायचा, हाय का? मी एकदा म्हटलं, शेळी ओरडतेय. तो म्हणाला, "मंग कापून खा." बोलला आणि परत बटणाला हात. आणि एका दुपारी तो आवाज आला. वहिनी मागच्या दारी मासे साफ करत होती. ती तशीच खवल्यांच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मास्तरने डावा हात हलवला नाही. ती माशांकडे परतल्यावर उजव्या हाताने खिशातली तंबाखूची डबी काढली आणि प्रत्येक बटणाजवळ चुन्याचं एकेक टिंब लावलं. म्हणाला, "आता जा बघू कुठं जातेस ती."

दसऱ्याला आमच्यात वाद्यं पुसून पुजतात. मास्तर झेंडू आणायला भाईंदरला गेला. मी ढोलकी पूजेला ठेवायला त्याच्या घरी पोचलो, तेव्हा वहिनीने कीबोर्ड ओल्या फडक्याने लख्ख पुसला होता, बटणं फिरवून फिरवून, त्यांच्या खाचांतली धूळसुद्धा काढून. हळदकुंकू लावलेलं. इतका स्वच्छ तो हॉटेलातही कधी नसेल. मास्तर आला, त्याने टिंबांच्या जागा बघितल्या आणि झेंडूची पिशवी तशीच हातात धरून उभा राहिला. मला बाहेर खाडीच्या बांधावर घेऊन गेला. "तिनं तिच्याच हातानं पुसला रं. तिला सांगू नको."

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. तो पुन्हा शोधत होता, पण जे शोधायचं तेच त्याच्यातून निसटत होतं. एकदा यंत्र बंद करून कपाळ त्यावर टेकवून बसला आणि म्हणाला, "मना आता यंत्राचाच आवाज आठवतो. तिचा न्हाय आठवत." मी ढोलकीच्या दोऱ्या ताणत राहिलो.

हळदीला वहिनी पाटावर बसली. नवं लुगडं, गळ्याला पांढरं फडकं. मास्तरने पहिला स्वर लावला. शेळी. मांडवात कोणीतरी हसलं. त्याने बटण फिरवलं, तर भोंगा. राईची बाई पदर खोचून खांबापाशी तयारच उभी होती. मास्तरच्या बोटांना इतका घाम की बटण धरवेना.

वहिनी पाटावरून उठली, त्याच्यापाशी आली. त्याचा डावा हात तिने बाजूला केला आणि लाटेच्या वेगाचं बटण स्वतः धरलं. उजवा तळवा हवेत उचलला, गाताना उचलायची तसा, आणि थरथरवला. नजर लाल दिव्यावर. बटण हळूहळू फिरवत गेली, दिवा आणि तळवा एका चालीवर येईपर्यंत. आले तेव्हा थांबली. मग मास्तरच्या खिशातून डबी काढली आणि त्या बटणाजवळ चुन्याचं टिंब लावलं. पुसल्या गेलेल्या टिंबांचं त्याने तिला सांगितलं नव्हतं, मीही नाही. मास्तरने मान खाली घातली आणि स्वर लावला.

सरळ गेला, आणि शेवटाला थरथरला. अगदी तोच होता असं मी खोटं लिहिणार नाही. पण मागच्या बायकांनी तो उचलला. वहिनी पाटावर परत गेली आणि शेवटपर्यंत ओठ हलवत राहिली. ढोलकीवर हात टाकायचा मी विसरलो, आणि मी विसरणारा माणूस नाही.

होळीच्या आत वहिनी गेली. मास्तरने त्या यंत्राला पुन्हा हात लावला नाही. मुलीकडे वसईला जायच्या दिवशी तो कीबोर्ड चादरीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. "वाजवू नको," म्हणाला, "आन पुसू पन नको." नंतर तो मला भेटला नाही. त्याची बातमीच आली.

आता त्याचा तो लाल दिवाही लागत नाही. सून म्हणते, बाबा, फ्लॅटात जागा कुठे आहे, भंगारवाल्याला देऊन टाका. मी तिला उत्तर देत नाही. दसऱ्याला घरातलं सगळं पुसलं जातं, माझी ढोलकीसुद्धा. कीबोर्डच्या धुळीवर मी एक झेंडू ठेवतो, टिंबाला लागणार नाही असा.